सागवानाचा दरवाजा: लाकूड घेण्यापासून पल्ला बसवेपर्यंतचा क्रम, नागपूरच्या हवेसाठी

श्रावणात दार अडकते, मिस्त्री येऊन कड रंधून जातो आणि होळीनंतर त्याच दाराच्या फटीतून उजेड दिसू लागतो. नवतप्यात (मे अखेरच्या सर्वात तापलेल्या नऊ दिवसांत) दिलह्याला, म्हणजे दाराच्या पट्ट्यांमधल्या खाचेत बसवलेल्या फळीला, उभी भेग पडते. मग घरमालक म्हणतो, "सागवान म्हणून दिले, पण माल खोटा निघाला." कधी माल खरोखर खोटा असतो. पण बहुतेक वेळा लाकूड अस्सल असते आणि कामाचा क्रम उलटा झालेला असतो: ओले लाकूड आणले, आठवड्यात कापले, पंधरा दिवसांत जोडले आणि गृहप्रवेशाच्या मुहूर्ताला टांगले.

नागपुरात ही घाई इतर ठिकाणांपेक्षा महाग पडते. मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते, पारा ४५ अंशांवर जातो. ऑगस्टमध्ये हीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते. लाकूड या हवेबरोबर वर्षभर फुगते आणि आटते. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलते, म्हणून तर ते घ्यायचे. पण ते अजिबात हलत नाही हा गैरसमज आहे. १२ इंच रुंद फळीतला ओलावा ६ टक्क्यांनी बदलला तर आडव्या कापाची फळी (जिच्या टोकावर वर्तुळे आडवी दिसतात ती) रुंदीत साडेतीन मिलिमीटरच्या जवळपास बदलते, म्हणजे एक सुतापेक्षा (इंचाच्या आठव्या भागापेक्षा) जास्त. लांबीत मात्र बदल नगण्य. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीभोवती फिरतात.

## १. आधी यादी, मग लाकूड

लकडगंजला, म्हणजे नागपूरच्या लाकूड बाजारात, जाण्याआधी कागदावर प्रत्येक तुकड्याची लांबी, रुंदी आणि जाडी लिहा. "तीन दारांचे लाकूड द्या" असे म्हणून दुकानात उभे राहिलात की किती आणि कसले लाकूड घ्यायचे हे दुकानदार ठरवतो.

घनफूट काढायची रीत सोपी आहे. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. एका साध्या दाराचा हिशेब असा बसतो:

- चौकट, ५ × ३ इंच: ७ फुटांचे दोन उभे, साडेतीन फुटांची वरची आडवी आणि तेवढाच उंबरठा. एकूण २१ फूट. २१ × ५ × ३ ÷ १४४ = २.१९ घनफूट.
- पल्ल्याची (उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दाराची) बाजूची उभी लाकडे, साडेचार इंची, पावणेदोन इंच जाड, ७ फुटांची दोन: ०.७७ घनफूट.
- पल्ल्याच्या तीन आडव्या पट्ट्या, ३ फुटी: वरची साडेचार, कुलपाची ७ आणि खालची ९ इंच रुंद: ०.७५ घनफूट.
- दिलहे, एक इंची: सुमारे ०.९४ घनफूट.

बेरीज ४.६५ च्या आसपास. त्यावर काप, गाठी आणि रंध्यासाठी २० टक्के धरले की एका दाराला साधारण साडेपाच घनफूट लागते. मिस्त्री आठ सांगत असेल तर कुठे काय जाणार ते तुकड्यानुसार मोजून मागा. चार सांगत असेल तर तो दिलहे प्लायचे धरतोय का, हे विचारा.

यादीत कच्चे माप आणि तयार माप वेगवेगळे लिहा. ५ × ३ ची चौकट रंधून झाल्यावर पावणेपाच × पावणेतीन उरते. प्रत्येक बाजूला एक सूत, म्हणजे दोन्ही बाजू मिळून पाव इंच, रंध्यात जाते. ओले लाकूड घेत असाल तर आटण्यासाठी रुंदीत आणखी दोन सूत ठेवा.

तपासणी: यादीत प्रत्येक तुकड्यापुढे "गाभाच हवा" किंवा "थोडे पांढरे चालेल" असे लिहिले आहे का? गाभा म्हणजे ओंडक्याचा आतला गडद, पक्का भाग आणि पांढरे म्हणजे सालीजवळचा फिकट भाग. चौकट, उंबरठा आणि बाहेरच्या दाराला पांढरे अजिबात नको. आतल्या कपाटाच्या मागच्या पट्टीला चालते.

माझे स्पष्ट मत आहे की सगळीकडे सागवान लावणे ही उधळपट्टी आहे. पलंगाचा आतला सांगाडा किंवा माळ्याच्या आडव्या पट्ट्या ऐनाच्या केल्या तरी चालतात. ऐन जड आहे, खिळा घेताना त्रास देते, पण तिथे कोणी ते बघत नाही. वाचलेले पैसे मुख्य दाराच्या चांगल्या गाभ्यावर खर्च करा.

## २. कधी घ्यायचे

ओले किंवा अर्धवट वाळलेले लाकूड घेणार असाल तर दिवाळीनंतर घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नागपुरात लाकूड वाळवायचा सर्वात चांगला काळ आहे. हवा कोरडी असते, पण भाजणारी नसते. एक इंची फळी या काळात सावलीत दोन-तीन महिन्यांत कामाला येते. चौकटीच्या तीन इंची लाकडाला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, म्हणून तेवढी जाडी एकतर जुन्या वाळलेल्या मालातून घ्या किंवा भट्टीत वाळवलेली घ्या.

एप्रिल-मेमध्ये वाळवले तर पृष्ठभाग झपाट्याने सुकतो, आतला ओला राहतो आणि टोकांना भेगा पडतात. पावसाळ्यात घेतलेले लाकूड चार महिने वाळतच नाही, उलट त्यावर बुरशी धरते.

घर पुढच्या दसऱ्याला पूर्ण होणार असेल तर लाकूड या हिवाळ्यात घेऊन ठेवा. स्लॅब पडायच्या आधी दाराचे लाकूड घेणे लोकांना विचित्र वाटते, पण योग्य क्रम हाच आहे.

## ३. कुठून आणि कोणत्या कागदांसह

नागपूरच्या बाजारात येणारे स्थानिक सागवान मुख्यतः चंद्रपूर-गडचिरोली आणि मेळघाटाच्या बाजूचे असते. बल्लारपूर, आलापल्ली, परतवाडा इथल्या शासकीय आगारांत लिलाव होतात. तिथे माल घनमीटरमध्ये विकला जातो. १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. एका घरापुरते लाकूड लागणाऱ्याने लिलावाच्या मागे न लागता व्यापाऱ्याकडून घेणे सोयीचे.

व्यापाऱ्याकडे सी.पी. (जुन्या मध्य प्रांताच्या नावाने ओळखले जाणारे मध्य भारतातले) सागवान, बर्मा, घाना, ब्राझील असे वेगवेगळे माल आणि वेगवेगळे भाव असतात. आयात केलेले लागवडीचे सागवानही सागवानच आहे, त्यात खोटे काही नाही. पण कोवळ्या झाडाचे असेल तर गाभा लहान आणि पांढरे जास्त असते. भाव विचारताना देशाचे नाव ऐकून थांबू नका, तुकडा हातात घ्या.

बिल पक्के घ्या आणि त्यावर लाकडाचे नाव, माप आणि घनफूट लिहून घ्या.

शेताच्या बांधावरचे सागवान कापून घर बांधायचा बेत असेल तर आधी परवानगी, मग कुऱ्हाड. झाडे तोडण्याबाबतचा राज्याचा १९६४ चा कायदा सागवानाला लागू आहे. आपल्या शेतातले झाड म्हणून ते आपल्या मर्जीने तोडता येत नाही. सातबारा घेऊन वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात चौकशी करा, रीतसर परवानगी घ्या, तोडलेल्या मालावर वन विभागाच्या हातोड्याची खूण उमटवून घ्या आणि वाहतूक परवाना (टी.पी.) हाती आल्यावरच गाडी भरा. परवान्यावर मुदत आणि मार्ग लिहिलेला असतो. गाडी त्या मुदतीत आणि त्याच मार्गाने गेली पाहिजे. परवान्याशिवाय निघालेली ट्रॉली नाक्यावर अडली तर लाकूड जप्त होते, पुढची प्रकरणाची कटकट वेगळी.

इशारा: "कागदांचे मी पाहतो, तुम्ही फक्त पैसे द्या" असे कोणी म्हटले तर ते लाकूड घेऊ नका.

## ४. तुकडा ओळखणे

हे दुकानात उभ्या उभ्या करायचे काम आहे. खिशात लहान चाकू, मोजपट्टी आणि पाण्याची बाटली ठेवा.

टोक पाहा. फळीचे टोक चाकूने बोटभर सोलून त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. सागवानाच्या वाढीची वर्तुळे स्पष्ट दिसतात आणि प्रत्येक वर्तुळाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक ओळ असते, तिथून पुढे छिद्रे लहान होत जातात. सगळीकडे सारखीच छिद्रे पसरलेली दिसली आणि वर्तुळे कळलीच नाहीत तर ते लाकूड दुसरे काही आहे.

वास आणि हात. ताज्या सोललेल्या जागी चामड्यासारखा, किंचित तेलकट वास येतो. बोट फिरवले की मेणचट लागते. जुन्या फळीचा वरचा थर वास देत नाही, म्हणून ताजे सोलूनच पाहायचे.

रंग. नुकताच कापलेला गाभा एकसारखा सोनेरी नसतो. हिरवट-तपकिरी पट्टे आणि डाग दिसतात. काही दिवस उजेडात राहिला की तो सोनेरी-तपकिरी होतो. उलट दुकानातला सगळा माल टोकापासून टोकापर्यंत एकाच गडद रंगाचा दिसत असेल तर शंका घ्या. पांढऱ्या भागाला रंग लावून गाभा म्हणून विकणारे आहेत. चाकूने एक सूत खोल सोला, खाली पांढरे निघाले तर तुकडा बाजूला ठेवा.

पांढऱ्या भागाबद्दल इतका आग्रह का? सागवानाला वाळवी सहसा लागत नाही ते गाभ्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे. पांढऱ्या भागात ती नसतात. वाळवी चौकटीचा पांढरा कोपरा आतून खाते आणि वरून रंग शाबूत राहतो.

वजन. वाळलेल्या सागवानाचा एक घनफूट साधारण १८-१९ किलो भरतो. लहान तुकडा काट्यावर ठेवून हिशेब करा. २५ किलोच्या पुढे जात असेल तर एकतर तो ओला आहे किंवा सागवान नाही.

भेंड. ओंडक्याचा अगदी मधला बिंदू, म्हणजे भेंड, चौकटीच्या उभ्या लाकडात आला तर ते लाकूड वाळताना हमखास चिरते. टोकावर वर्तुळांचे केंद्र दिसले की तो तुकडा नको म्हणा. घट्ट बसलेली लहान गाठ चालते. काळी, सुटी, हलणारी गाठ नाही. कुसू (सांध्यासाठी खाचेत बसणारे कापलेले टोक) किंवा बिजागरी येणाऱ्या जागी मात्र कोणतीच गाठ नको.

फळी सरळ आहे का ते पाहायला एक टोक डोळ्याजवळ धरून कडेवरून नजर टाका. कमानीसारखा बाक असेल तर लहान तुकड्यांसाठी वापरता येतो. पीळ असेल, म्हणजे चार कोपरे एका पातळीत नसतील, तर घेऊच नका. पीळ रंधून काढताना अर्धी जाडी जाते.

## ५. गोल लाकूड घेत असाल तर

ओंडका घेऊन आरामशीनवर चिरून घेणे स्वस्त पडते, पण मोजमापात लोक फसतात. बाजारात चौथाई घेराची रीत चालते: मधल्या जागचा घेर इंचात मोजायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करून फुटातल्या लांबीने गुणायचे आणि १४४ ने भागायचे. ४८ इंच घेर आणि ८ फूट लांबी असेल तर १२ × १२ × ८ ÷ १४४ = ८ घनफूट.

याच ओंडक्याचे खरे आकारमान सव्वादहा घनफुटांच्या जवळ जाते. ही रीत मुळातच साडेअठ्ठ्याहत्तर टक्के धरते, कारण वरचा गोलवा चिरताना वायाच जातो. म्हणून सौदा करण्याआधी दोन गोष्टी विचारा: माप कोणत्या रीतीने आणि घेर सालीसकट की साल काढून? कोणी चौथाई घेराचा भाव सांगून खऱ्या आकारमानाने बिल केले तर एका ओंडक्यात दोन घनफुटांचा फरक पडतो.

ओंडका सरळ आणि निरोगी असेल तर या आठ घनफुटांतून कामाचे पाच-सव्वापाच घनफूट निघते असे धरून चला. आरामशीनवर स्वतः उभे राहा आणि आपली यादी मिस्त्रीच्या हाती द्या. आधी चौकटीची जाड लाकडे निघाली पाहिजेत, मग पल्ल्याची, शेवटी दिलह्यांच्या फळ्या. उलट क्रमाने चिरले तर जाड लाकडाला जागाच उरत नाही.

सागवानाचा भुसा त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो. आरामशीनवर असो की घरी रंधताना, तोंडाला मास्क लावा आणि दम्याच्या माणसाला जवळ थांबू देऊ नका.

## ६. वाळवणे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. भिंतीला टेकवून उभी केलेली फळी वाळत नाही, वाकते. जमिनीवर एकावर एक रचलेला ढीग मधून ओला राहतो.

१. चिरून आणले त्याच दिवशी प्रत्येक फळीची दोन्ही टोके जाड ऑइल पेंटने, मेणाने किंवा डांबराने बंद करा. लाकडातला ओलावा टोकांतून सर्वात वेगाने निघतो आणि भेग तिथेच सुरू होते. दोन दिवसांनी लावलेला रंग कामाचा नाही, तोवर भेग आत गेलेली असते.

२. जमिनीपासून फूटभर उंच, सपाट बैठक करा. विटा किंवा ब्लॉक चालतील, पण सगळे एका पातळीत हवेत. बैठक वाकडी असेल तर फळ्या तोच वाक घेऊन वाळतात.

३. प्रत्येक थरामध्ये एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या दीड ते दोन फुटांवर ठेवा. सर्व थरांतल्या पट्ट्या एकाच्या डोक्यावर एक अशा सरळ रेषेत आल्या पाहिजेत. पहिली आणि शेवटची पट्टी अगदी टोकाजवळ हवी.

४. शेजारच्या फळ्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा. सगळ्यात जड आणि वाकायला आलेल्या फळ्या खालच्या थरात, वर विटांचे वजन.

५. ढीग सावलीत ठेवा, वर पत्रा किंवा ताडपत्री. पण बाजू मोकळ्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला ढीग वाळत नाही. फेब्रुवारी संपेपर्यंत काम झाले नाही तर पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधा, म्हणजे गरम वारा थेट टोकांवर बसणार नाही.

किती वाळले, हे कसे कळणार? हात लावून कळत नाही. लाकडाचा ओलावा मोजायचे दोन सुयांचे मीटर हजार-दोन हजारांत मिळते. चार दारे करणार असाल तर घ्यावे. सुया लाकडाच्या रेषांच्या दिशेने टोचा आणि एखादा तुकडा मधोमध कापून त्याच्या आतल्या तोंडावर माप घ्या, कारण वरचा थर नेहमी जास्त कोरडा दाखवतो.

मीटर नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. फळीच्या टोकापासून फूटभर आत, एक इंचाचा तुकडा कापून लगेच वजन करा. मग ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवून दर काही तासांनी वजन करत राहा, वजन कमी व्हायचे थांबेपर्यंत. समजा आधी २४० ग्रॅम होते आणि शेवटी २०४ राहिले. गेलेले ३६ भागिले २०४, म्हणजे १७.६ टक्के ओलावा. भागायचे ते कोरड्या वजनाने. ओल्या वजनाने भागले तर उत्तर कमी येते आणि लाकूड तयार झाल्याचा भास होतो.

नागपुरातल्या दारा-खिडक्यांसाठी मी १० ते १२ टक्क्यांवर काम सुरू करा असे सांगतो. हा उन्हाळा आणि पावसाळा यांच्या मधला आकडा आहे. १७-१८ टक्क्यांवर जोडलेले दार मेमध्ये सांधे उघडणार, आणि नवतप्यात ६ टक्क्यांपर्यंत भाजून जोडलेले ऑगस्टमध्ये चौकटीत मावणार नाही.

भट्टीत वाळवलेला माल घेत असाल तरी माप घ्या. भट्टीतून १० टक्क्यांवर निघालेले लाकूड जुलै-ऑगस्ट उघड्या शेडमध्ये पडून राहिले तर ते पुन्हा ओलावा ओढून बसलेले असते.

## ७. घराची सवय होऊ द्या

वाळलेले लाकूड ज्या घरात लागणार तिथे दोन-तीन आठवडे ठेवा, पट्ट्या घालून तशाच थरांत. पण प्लास्टर, फरशी, पुट्टी, पीओपी ही सगळी ओली कामे संपल्यावरच. नव्या घराच्या भिंती कित्येक आठवडे पाणी सोडत असतात. आपण महिनोन्‌महिने वाळवलेले लाकूड ओल्या प्लास्टरच्या खोलीत ठेवले तर ती मेहनत पाण्यात जाते.

चौकटीची अडचण इथेच येते. आपल्याकडे जोडाई चालू असतानाच चौकट उभी करायची पद्धत आहे. मग रोज दोन वेळा भिंतीवर मारलेले पाणी तीच पिते. शक्य असेल तर जोडाईत प्रत्येक बाजूला दोन-तीन सूत जास्तीची मोकळी जागा सोडा आणि चौकट नंतर फास्टनरने बसवा. आधीच बसवायची असेल तर भिंतीत जाणारी मागची बाजू आणि पायाची टोके प्राइमर किंवा डांबराने पूर्ण बंद करा, होल्डफास्टची (चौकट भिंतीत धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांची) भोकेसुद्धा. उंबरठ्याखाली सिमेंटमध्ये लाकूड थेट गाडू नका. वाळवीचा बंदोबस्त पायाच्या वेळीच करून घ्या, चौकट बसल्यावर तो अर्धवट होतो.

## ८. जोडणी

रंधून झाल्यावर एक दिवस तुकडे तसेच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नजर टाका. ज्यात आतले ताण होते तो तुकडा रात्रीतून थोडा फिरतो. तो आताच बदलता येतो. कुसू कापल्यावर नाही.

सागवानाच्या तेलकटपणामुळे डिंक नीट धरत नाही. सांध्याची दोन्ही तोंडे चिकटवायच्या आधी थिनरने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा, सुकू द्या आणि तासाभरात चिकटवा. आदल्या दिवशी पुसून ठेवलेल्या तोंडावर तेल परत येते.

दिलहा कधीही चिकटवू नका, खिळवू नका. तो खाचेत सुटा बसला पाहिजे, कारण आटणारा-फुगणारा मुख्य भाग तोच. खाच चार सूत खोल असेल तर दिलहा तिच्यात किती घालायचा हे ऋतूवर ठरते. मेमध्ये जोडत असाल तर तो सर्वात अरुंद असतो, तेव्हा फुगायला दोन्हीकडे पूर्ण एक सूत सोडा. पावसाळ्यात जोडत असाल तर तो आधीच फुगलेला आहे, थोडा घट्ट चालेल. अनेक मिस्त्री खडखड वाजू नये म्हणून दिलह्याला मागून चुका (बारीक खिळे) मारतात. उन्हाळ्यातली ती उभी भेग तिथूनच येते. खडखड थांबवायची असेल तर वरच्या आणि खालच्या पट्टीत, रुंदीच्या अगदी मध्यभागी, एकेकच चूक मारा. कडा मोकळ्या राहू द्या.

आणखी एक: दिलह्याला जोडण्याआधीच पॉलिशचा एक हात द्या. नाहीतर मेमध्ये तो आटला की खाचेतून बाहेर आलेली कोरी पट्टी चारी बाजूंनी दिसू लागते.

टोकाजवळ स्क्रू पिळताना आधी भोक पाडा. सागवान टोकाला पटकन फाटते.

## ९. पॉलिश: सहाही बाजूंना

मेलामाइन, पीयू किंवा जवसाचे उकळलेले तेल, काहीही लावा. पण समोरची बाजू, मागची बाजू आणि चारही कडा, सगळीकडे सारखे थर. सर्वात जास्त राहून जाते ती पल्ल्याची खालची आणि वरची कड. तिथेच उभ्या लाकडांची उघडी टोके असतात आणि फरशी पुसताना रोज तिथेच पाणी लागते. दार टांगलेले असेल तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा वर करून फोन दाराखालच्या फटीत सरकवा आणि फोटो काढा. कड फिकट, कोरी, करवतीच्या खुणा असलेली दिसली तर पल्ला उतरवून ती कड पूर्ण करून घ्या. मिस्त्रीचा शेवटचा हप्ता हा फोटो पाहूनच द्यावा.

पॉलिशआधी पृष्ठभाग थिनरने पुसा. तेलकट जागी पॉलिश चिकट राहते आणि लवकर वाळत नाही.

इशारा: जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती स्वतःच तापत जाऊन पेट घेतात आणि नागपूरच्या उन्हाळ्यात हा धोका आणखी वाढतो. फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

## १०. टांगणे आणि पहिले वर्ष

पल्ल्याची रुंदी बदलते ती फक्त दोन उभ्या लाकडांमुळे, कारण दिलहा सुटा आहे आणि आडव्या पट्ट्या लांबीत वाढत नाहीत. साडेचार इंची दोन म्हणजे ९ इंच; ६ टक्के ओलाव्याच्या फरकाला अडीच मिलिमीटर. म्हणून हिवाळ्यात टांगताना बाजूंना मिळून एक सूत फट पुरते. मेमध्ये टांगत असाल तर दीड सूत सोडा. खाली दोन सूत हवेच. सात फुटी दाराला तीन बिजागऱ्या लावा, दोन नाही.

कूलर लागणाऱ्या खोलीचा वेगळा विचार करा. एप्रिलपासून जूनपर्यंत कूलर त्या खोलीत ओलसर हवा कोंडतो, तर दाराच्या पलीकडच्या पॅसेजमध्ये भट्टी असते. एकाच पल्ल्याची एक बाजू फुगते, दुसरी आटते आणि पल्ला कमानीसारखा वाकतो. अशा दाराला दोन्ही बाजूंना पॉलिशचे थर मोजून सारखे द्या आणि खोलीची समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, म्हणजे ओलावा बाहेर जाईल. खिडकीच्या चौकटीवर कूलर थेट टेकवू नका. त्याला स्वतःचा स्टँड असावा आणि पाणी चौकटीकडे उडत नाही ना ते हंगामाच्या सुरुवातीलाच पाहावे.

पहिल्या पावसाळ्यात दार थोडे घासू लागले तर रंधा काढू नका. जिथे घासते तिथे खडूने खूण करून ठेवा, बिजागरीचे स्क्रू आवळून पाहा, आणि दिवाळीपर्यंत थांबा. बहुतेक दारे तोवर आपोआप मोकळी होतात. नोव्हेंबरच्या कोरड्या हवेतही त्याच खुणेवर घासत असेल तर पल्ला उतरवा, बिजागरीच्या बाजूची कड जेमतेम अर्धा सूत रंधा, बिजागरीची खाच तेवढीच खोल करा आणि उघडी पडलेली कड त्याच दिवशी पॉलिशने बंद करून मगच पल्ला परत टांगा.